केटामिन : उपचार की बाजार?

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी मॅथ्यू पेरी हा अमेरिकन नट लॉस एंजेलिस येथील आपल्या घरी गरम पाण्याच्या कुंडात मृतावस्थेत आढळला. ‘फ्रेंड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्याचे नाव भारतातील शहरी तरुणांनाही ठाऊक होते. शवविच्छेदनानंतर मृत्यूचे मुख्य कारण म्हणून केटामिन या औषधाचे नाव पुढे आले. नैराश्यावरील उपचार म्हणून पेरी हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घेत असे. परंतु असा शेवटचा ज्ञात उपचार होऊन दीड आठवडा लोटला होता आणि शरीरात सापडलेले प्रमाण शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल देताना आढळते तितके होते. अर्थात, ते औषध त्या उपचारातील नव्हते. पुढे २०२४ साली या प्रकरणी पाच जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि पाचही जणांनी यथावकाश गुन्हा कबूल केला. त्यांपैकी दोघे डॉक्टर होते. ‘हा मूर्ख किती पैसे मोजील कोण जाणे’ अशा आशयाचा संदेश त्यांपैकी एकाने दुसऱ्याला पाठविल्याचे आरोपपत्रात नमूद आहे.

या वृत्तानंतर आपल्याकडील सुशिक्षित घरांतून एक ठरावीक प्रतिक्रिया उमटली. पश्चिमेने आधी नशेची बाजारपेठ उभारली, आता त्याच नशेला उपचाराचा मुलामा दिला जात आहे, आपण यापासून चार हात दूर राहिलेले बरे, असा तिचा सूर होता. दुसरी प्रतिक्रिया याच्या नेमकी उलट आहे. ती प्रामुख्याने परदेशस्थ आप्तांच्या दूरध्वनीवरून घरात शिरते : तिकडे आता नैराश्यावर एका सलाईनमध्ये गुण येतो, तुम्ही अजून गोळ्याच कसल्या घेत बसला आहात? या दोन्ही प्रतिक्रियांत एक साम्य आहे. दोहोंचे लक्ष केवळ औषधावर खिळलेले आहे. औषध देताना रुग्णाच्या उशाशी कोण बसले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोण बोलले, हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. वस्तुत: केटामिन-साहाय्यित मानसोपचार या विषयाचे सारे मर्म या प्रश्नात आहे.

शस्त्रक्रियागृहातून मनोरुग्णालयात

केटामिन हे काही काल-परवा जन्मलेले औषध नव्हे. पार्क-डेव्हिस या अमेरिकन औषधकंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ साली ते प्रथम तयार केले. १९६४ साली डॉ. एडवर्ड डोमिनो आणि डॉ. ग्युंटर कॉर्सन यांनी मिशिगन राज्यातील कारागृहात स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांवर त्याचा पहिला मानवी प्रयोग केला. ज्यांना औषध दिले ते डोळे उघडे ठेवून पडलेले असत. पण आपण देहापासून वेगळे होऊन अंतराळात तरंगत होतो, असे नंतर सांगत. या अवस्थेला काय म्हणावे असा पेच डोमिनो यांना पडला, तेव्हा त्यांच्या पत्नीने ‘संबंध तुटल्याची’ अवस्था असा शब्द सुचविला आणि वैद्यकशास्त्रात तोच रूढ झाला. १९७० साली अमेरिकेत या औषधाला भुलीसाठी मान्यता मिळाली व व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले.

ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही शल्यचिकित्सकाला विचारले तर तो केटामिनविषयी कृतज्ञतेनेच बोलेल. इतर भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो, रक्तदाब कोसळतो. यंत्रे आणि तज्ज्ञ हाताशी लागतात. केटामिनमध्ये हा धोका तुलनेने बराच कमी असतो. प्राणवायूचे यंत्र नाही, भूलतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही नाही आणि बाळंतीण अडलेली आहे, अशा वेळी या औषधाने जगभर असंख्य जीव वाचविले आहेत. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहे. चीनने २०१५ मध्ये त्यावर कडक आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा गरीब देशांतील शस्त्रक्रियाच थांबतील या कारणास्तव संघटनेने त्याला विरोध केला होता. ‘नशेचे औषध’ ही ओळख या औषधाला चिकटली, ती अशी अपुरी आहे.

नैराश्याशी त्याचा संबंध जोडला गेला तो २००० साली. येल विद्यापीठाच्या चमूने अवघ्या सात रुग्णांवर केलेली चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. भुलीसाठी लागते त्याहून पुष्कळ कमी मात्रा, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम औषध, चाळीस मिनिटांत शिरेतून हळूहळू देण्यात आले आणि काही तासांतच नैराश्य उतरू लागले. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. कार्लोस झराटे यांनी हीच पद्धत इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर वापरून पाहिली. केटामिन मिळालेल्या १७ जणांपैकी ७१ टक्के रुग्णांना दुसऱ्याच दिवशी ठळक उतार पडला. आठवडाभर तो टिकला मात्र ३५ टक्के रुग्णांत. हे दोन आकडे वाचकाने जोडीनेच लक्षात ठेवावेत. पहिला आकडा आशा जागवितो, दुसरा प्रश्न उभा करतो. पुढील सर्व चर्चा या दोहोंमधील अंतरात चालली आहे.

काही तासांत उतार, ही घटना मनोविकारशास्त्राला इतकी अनपेक्षित का वाटली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आणि तो धागा थेट भारतात येऊन पोहोचतो. सर्पगंधा ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उन्मादावर वापरली जाणारी वनस्पती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणाविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व लवकरच अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते पोहोचले. येथवरची कथा अभिमानाने सांगितली जाते. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागल्याच्या नोंदी झाल्या. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने घटविते असेही दिसून आले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून, त्या रसायनांची कमतरता म्हणजेच नैराश्य, असा तर्क पुढे आला. नंतर त्या नोंदींविषयीही शंका घेतल्या गेल्या, परंतु तोपर्यंत संपूर्ण औषधनिर्मिती त्याच वाटेने निघून गेली होती. आज बहुतेकांच्या घरी नैराश्याच्या ज्या गोळ्या येतात, त्या याच वाटेवरच्या आहेत. त्यांचा गुण यायला आठवडे लागतात आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना एकामागून एक औषधे बदलूनही पुरेसा गुण येत नाही.

केटामिनचे कार्य या वाटेने चालत नाही. ते मेंदूतील ग्लुटामेट या दुसऱ्याच संदेशवाहकाच्या एका ग्राहकावर प्रथम परिणाम करते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, दीर्घकाळच्या ताणामुळे आक्रसलेल्या मज्जापेशींच्या जोडण्या या औषधानंतर काही तासांत पुन्हा फुटू लागतात. माणसात नेमके हेच घडते असे ठामपणे म्हणणे आज घाईचे ठरेल. परंतु औषधानंतरचे काही दिवस मन अधिक लवचीक असते, नवी सवय व नवा विचार स्वीकारण्यास तयार असते, या अनुमानावर केटामिनला मानसोपचाराची जोड देणाऱ्यांची भिस्त आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर येते, ती स्थिती चार दिवसच टिकते. त्या दिवसांत पेरणी झाली तर झाली.

लेनिनग्राडचा धडा

ही पेरणी ज्यांनी सर्वांत आधी पद्धतशीरपणे केली ते अमेरिकन नव्हते. सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथे डॉ. येवगेनी क्रुपित्स्की यांनी १९८५ च्या सुमारास दारूच्या व्यसनात अडकलेल्या रुग्णांवर केटामिनचा प्रयोग सुरू केला. त्याआधी १९७३ साली इराणमधील डॉक्टरांनी शंभर मनोरुग्णांना हे औषध देऊन पाहिल्याची नोंद आहे, परंतु क्रुपित्स्की यांची रीत वेगळी होती. त्यांच्या उपचारात औषध हा मधला टप्पा होता. आधी दारू पूर्णपणे थांबवून रुग्णाशी अनेक तास बोलणे होई. आयुष्य कोठे बिघडले, दारू सोडून काय साधायचे, हे त्याच्याकडून वदवून घेतले जाई. मग एक दिवस औषध. त्या वेळी मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशेजारी बसून बोलत असे, भूल देणारा डॉक्टरही खोलीत असे. त्यानंतर पुन्हा गटात बसून, जे दिसले, जे जाणवले त्याचा अर्थ लावायचा आणि तो रोजच्या जगण्याशी जोडायचा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या रीतीने उपचार झालेल्या १११ रुग्णांपैकी ७३ जण वर्षभर दारूपासून दूर राहिले. नेहमीचे उपचार मिळालेल्या शंभर रुग्णांत हा आकडा २४ होता. आजच्या कसोट्या लावल्या तर या चाचणीत उणिवा दाखविता येतील. तथापि, एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. तेथे औषधाला त्याची जागा दाखवून दिलेली होती.

याच सुमारास, १९८६ साली, पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्याचा केटामिनशी काडीमात्र संबंध नाही. तरीही त्याचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण तेथील कामाचा कणा सहवास, गटातील मोकळे बोलणे आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा हा राहिला. लेनिनग्राडचे डॉक्टर आणि पुण्याचे हे दांपत्य परस्परांना ओळखत असण्याचे कारण नव्हते. दारू सुटल्यानंतर रिकाम्या झालेल्या संध्याकाळचे काय करायचे, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणच्या रुग्णांसमोर सारखाच होता.

‘समाधी’ची उसनवारी

अमेरिकेत या औषधाने आणखी एक वळण घेतले, ज्याची दखल भारतीय वाचकाने विशेषत्वाने घ्यावयास हवी. सत्तरच्या दशकात मार्सिया मूर या योगविषयक लेखन करणाऱ्या अमेरिकन बाई आपल्या भूलतज्ज्ञ पतीसह स्वत:वरच केटामिनचे प्रयोग करू लागल्या. १९७८ साली दोघांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि या उपचाराला नाव दिले ‘समाधी’चे. औषध टोचताच देहभान हरपते, प्रकाश दिसतो, ‘मी’पण विरते, मग ही समाधी नव्हे तर काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७९ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, त्या सिॲटल शहराजवळील आपल्या घरातून नाहीशा झाल्या. त्यांचे अवशेष दोन वर्षांनी मिळाले.

त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मृत व्यक्तीची टवाळी करणे तर सर्वथा गैर. परंतु शब्दाची उसनवारी तपासलीच पाहिजे, कारण आजही अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या जाहिरातींतून कमळ, ध्यानस्थ आकृती आणि मंत्रसदृश संगीत यांची रेलचेल असते. पतंजलींच्या अष्टांगांत समाधी आठवी आहे. तिच्या आधी यम आहेत, नियम आहेत, वर्षानुवर्षांचा अभ्यास आणि वैराग्य आहे. ती मिळवावी लागते आणि मिळविणारा त्या वाटेवर बदलत जातो. चाळीस मिनिटांच्या सलाईनने देहभान हरपते हे खरे, पण मनुष्य होता तोच राहून परततो. बदल व्हायचा तर तो परतल्यानंतरच्या दिवसांत. एखाद्या रुग्णाला या अवस्थेत ईश्वराचे दर्शन झाल्यासारखे वाटले आणि त्याला जगण्याचे बळ मिळाले, तर त्याचा आनंद कोणीही हिरावून घेऊ नये. त्याला समाधी म्हणू नये, एवढेच. (‘योगा’च्या चटया विकणाऱ्यांना आपण हसतो, परंतु आपल्याच शहरांतील निसर्गोपचाराच्या जाहिराती वाचल्या, तर हसणे जरा आवरते घ्यावे लागेल.)

खुर्ची, फवारा आणि टपाल

मार्च २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने केटामिनचेच एक रूप असलेल्या एस्केटामिनच्या नाकात मारावयाच्या फवाऱ्याला मान्यता दिली. ‘स्प्रॅव्हाटो’ या नावाने जॉन्सन अँड जॉन्सन समूह तो विकतो. आरंभी नेहमीच्या गोळीच्या जोडीनेच तो देण्याची अट होती; जानेवारी २०२५ मध्ये तो एकटा देण्यासही मान्यता मिळाली. फवारा मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायचा, नंतर किमान दोन तास देखरेखीखाली राहायचे आणि त्या दिवशी वाहन चालवायचे नाही, असे निर्बंध आहेत. सारे योग्यच आहे. पण या निर्बंधांत रुग्णाशी बोलणाऱ्याची अट कोठेही नाही. २०२४ या एका वर्षात या फवाऱ्याची विक्री शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली.

ज्या मूळ केटामिनवर पन्नास वर्षे काम झाले, त्याचे स्वामित्व-हक्क केव्हाच संपलेले आहेत. ते स्वस्त आहे, म्हणून त्याच्या नैराश्यावरील मान्यतेसाठी मोठ्या चाचण्यांवर पैसा ओतण्यात कोणत्याही कंपनीला रस नाही. ही पोकळी खासगी केंद्रांनी भरली. एकदा भुलीसाठी मान्यता असल्यावर डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते अन्य आजारासाठी देऊ शकतो. या मुभेवर तेथे शेकडो केंद्रे उभी राहिली. आरामखुर्ची, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, हाताला सलाईन आणि प्रत्येक खेपेला शेकड्यांनी डॉलर. काही ठिकाणी उत्तम मानसोपचारतज्ज्ञ सोबत असतात, हे नमूद केलेच पाहिजे. अन्यत्र खुर्चीवरून उठलेला रुग्ण भाड्याच्या गाडीत बसून एकटाच घरी जातो.

करोनाच्या काळात समोरासमोर तपासणीची अट शिथिल झाली आणि पुढची पायरी गाठली गेली. संगणकाच्या पडद्यावर काही मिनिटांची भेट होते आणि जिभेखाली ठेवायच्या केटामिनच्या वड्या टपालाने घरपोच येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे पेरीच्या मृत्यूच्याच महिन्यात, अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला की, अशा प्रकारे बनवून दिलेल्या केटामिनला कोणत्याही मनोविकारासाठी मान्यता नाही आणि देखरेखीविना त्याचा वापर धोक्याचा आहे. रक्तदाब वाढणे, श्वास मंदावणे, गैरवापराची चटक लागणे हे धोके आहेतच. दीर्घकाळ वारंवार घेणाऱ्यांचे मूत्राशय कायमचे निकामी झाल्याची प्रकरणेही जगभर नोंदली गेली आहेत. ज्याच्या मनात भ्रम व संशयाचा विकार दडलेला आहे, त्याला हे औषध अधिकच बिघडवू शकते. पडद्यावरच्या पाच-दहा मिनिटांत हे कोण ओळखणार?

सोबत बसणाऱ्या माणसाचे महत्त्व अधोरेखित करणारी एक विलक्षण चाचणी स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ साली प्रसिद्ध केली. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची काही ना काही कारणाने शस्त्रक्रिया व्हायचीच होती. भुलीच्या गुंगीत निम्म्यांना केटामिन दिले, निम्म्यांना साधे मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णास कळण्याचा मार्गच नव्हता. दोन्ही गटांचे नैराश्य जवळपास निम्म्याने उतरले आणि दोहोंत फरक दिसला नाही. म्हणजे केटामिन निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. भुलीच्या इतर औषधांचा परिणाम, गाढ गुंगी, छोटी संख्या, अशी अनेक कारणे संभवतात. पण गुण येणार ही अपेक्षा आणि आपली विचारपूस होत आहे ही जाणीव, यांचा वाटा किती मोठा असू शकतो, हे त्यातून दिसले. दुसरीकडे, इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या डॉ. सेलिया मॉर्गन यांनी ९६ मद्यासक्त रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. केटामिनच्या जोडीला सजगतेवर आधारलेला मानसोपचार मिळालेला गट आणि मिठाचे पाणी व नुसती माहिती मिळालेला गट, यांच्यात सहा महिन्यांतील दारूविना गेलेल्या दिवसांचे अंतर सर्वाधिक होते. मानसोपचाराचा स्वतंत्र वाटा नेमका किती, हे सांगण्यास मात्र ही चाचणी लहान होती.

आपल्या अंगणात

हे सारे दूर सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजण्याचे दिवस गेले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील काही रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ भूलतज्ज्ञांच्या साहाय्याने निवडक रुग्णांना केटामिन देतात. कायद्याच्या दृष्टीने भारत येथे अमेरिकेहून सावध आहे. २०११ साली केटामिनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत झाला आणि २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात गेले. म्हणजे स्वतंत्र परवाना आणि चिठ्ठीची प्रत दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन. कागदावर टपालाची वाट बंद आहे. पण कोणती वाट कागदावर किती काळ बंद राहते, याचा अनुभव या देशाला पुरेसा आहे.

गरज मात्र खरी आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत विविध मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. या आकड्यांमागे सुस्थित, सुसंस्कृत, शाखेत वा भजनी मंडळात नित्य जाणारी घरेही आहेत. मुलगी महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नाही. पण स्थळे पाहणे चालू असल्याने तिला ‘अशक्तपणा’ आहे, असे पाहुण्यांना सांगितले जाते. निवृत्तीनंतर खचलेल्या वडिलांना मन खंबीर करण्याचा उपदेश होतो. कोणी अर्जुनाच्या विषादाचा दाखला देऊन गीतेची प्रत हाती ठेवतो. अर्जुनाच्या रथावर स्वत: भगवंत बसले होते आणि अठरा अध्याय संपेपर्यंत ते उठून गेले नाहीत, ही गोष्ट असे सल्ले देणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

ज्या रुग्णाला गोळ्यांनी गुण आला नाही, ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळत आहेत आणि विजेच्या उपचाराच्या नुसत्या नावानेच ज्याचे कुटुंब हादरते, त्याच्यासाठी केटामिन हा खरा पर्याय ठरू शकतो. डॉ. अमित आनंद यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत ४०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत केटामिन मिळालेल्या ५५.४ टक्के आणि विजेचा उपचार मिळालेल्या ४१.२ टक्के रुग्णांना गुण आल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. भ्रमाची लक्षणे असलेले रुग्ण त्यात नव्हते, हे सांगितले पाहिजे. (विजेच्या उपचाराची चित्रपटांनी रंगविलेली प्रतिमाही सोडून द्यावी, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाविना तो देण्यास मनाई केलेली आहे.) अशा रुग्णाच्या घरच्यांनी केवळ ‘नशेचे औषध’ म्हणून तोंड फिरविले, तर त्या रुग्णावर तो अन्यायच होईल.

मग सोबत कोणी बसायचे? या बाबतीत भारताजवळ स्वत:चे असे काही आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांच्यापुढे गर्दी, अपुरे सेवक आणि कोंडून ठेवलेले रुग्ण अशी परिस्थिती होती. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत येऊन राहण्यास सांगितले. आई, भाऊ, पत्नी तेथेच स्वयंपाक करीत, रुग्णाची देखभाल करीत आणि डॉक्टरांकडून आजार समजून घेत. रुग्ण लवकर बरे होऊ लागले. घरी परतल्यावर त्यांना पुन्हा टाकून दिले जाण्याचे प्रमाणही घटले. नंतर वेल्लोर आणि बंगळुरू येथे या रीतीला संस्थात्मक रूप मिळाले. कुटुंबाला दाराबाहेर ठेवणे हीच शिस्त, असे मानणाऱ्या त्या काळच्या वैद्यकाला ही पंजाबमधील तंबूंची वसाहत पुष्कळ काही शिकवून गेली.

केटामिन देणाऱ्या केंद्रांना भारतात परवानगी देताना हाच अनुभव नियमांत उतरविता येईल. मनोविकारतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ दोघांची उपस्थिती, हृदय आणि रक्तदाबाची पूर्वतपासणी, भ्रमाचा विकार व व्यसनाचा इतिहास यांची कसून चौकशी, हे तर हवेच. त्याचबरोबर औषधाआधी किमान काही बैठका आणि औषधानंतरच्या त्या मोजक्या मोलाच्या दिवसांत पुन्हा बैठका, याविना सलाईन लावूच नये. घरातील एका जबाबदार व्यक्तीला, रुग्णाची संमती असल्यास, काय घडणार आहे ते आधी समजावून द्यावे. अर्धवट गुंगीत माणूस रडतो, हसतो, मृत आप्तांशी बोलतो. हे ज्याला आधी ठाऊक नाही, तो बाहेरच्या बाकावर बसून घाबरून जातो आणि पुढच्या खेपेला रुग्णाला आणतच नाही. प्रत्येक रुग्णाची सहा महिन्यांनंतरची स्थिती नोंदविली जावी, म्हणजे भारतीय रुग्णांत या उपचाराचे काय होते, हे कोणा कंपनीच्या पत्रकावरून ठरणार नाही.

यात अडचण आहे ती पैशाची आणि माणसांची. केटामिनची कुपी स्वस्त आहे. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचा तास महाग आहे आणि असे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावे लागतात. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. तथापि बहुतांश विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. आठवड्यातून एकदा जाऊन तासभर बोलून येणे त्यात बसत नाही. परिणामी, ज्या कुटुंबाने कर्ज काढून सलाईनचा खर्च केला, तेच कुटुंब पुढच्या बैठकांना ‘आता बरे वाटते आहे ना?’ म्हणून कात्री लावते. झराटे यांच्या चाचणीत एका आठवड्यातच उतार ओसरलेल्या रुग्णांप्रमाणे तोही रुग्ण आठव्या दिवशी पुन्हा खोलीचे दार लावून घेतो. घरचे दुसऱ्या सलाईनची चौकशी करू लागतात.